खुलासा : प्रवचन लॅटिनमध्ये नव्हते

‘१९६० च्या दशकापर्यंत कॅथलिक पाद्री लॅटिनमध्येच प्रवचन द्यायचे, लोकांना ओ की ठो कळायचे नाही,’ हे वाक्य हमखास ऐकू येते. यात गल्लत आहे. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती, प्रवचन नव्हे. इ.स. ८१३ मध्येच फ्रान्समधील तूर येथे जमलेल्या बिशपांनी प्रवचने लोकांच्या बोलीत सांगावीत, असे ठरवले होते.

घोळ बहुधा हस्तलिखितांमुळे झाला असावा. मध्ययुगातले पुष्कळ धर्मोपदेशक बोलत एका भाषेत आणि टिपणे ठेवत लॅटिनमध्ये. इटलीतील सिएना शहराचे धर्मोपदेशक बर्नार्दिनो यांचे उदाहरण तर फर्मासच. १४२७ मध्ये ते भर चौकात इटालियनमध्ये बोलले. गोष्टी, नकला, मध्येच डुलक्या काढणाऱ्यांना टोमणे! लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या एका कारागिराने ते सगळे मेणाच्या पाट्यांवर शब्दशः टिपले, म्हणून आज वाचता येते.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेही मराठी ओव्यांत.

मग १९६० च्या दशकात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, प्रवचनाबाबत काय बदलले? १९६३ च्या तिच्या दस्तऐवजाने प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरवला आणि ते बायबलच्या वाचनांवर आधारलेले असावे, यावर भर दिला.