फोटोओळीतल्या शब्दाचे वजन

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की कोल्हापुरात पुराची छायाचित्रे मोबाइलवरून फिरू लागतात आणि त्यांत ऑगस्ट २०१९च्या महापुराची छायाचित्रेही बेमालूम मिसळतात. खरे-खोटे ताडून पाहण्यासाठी शोध घ्यावा, तर मेहनतीने लिहिलेला लेख निकालांत मागे पडलेला असू शकतो. त्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी छायाचित्राखालची ओळ हे कारण मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही.

शोधयंत्र चित्र ‘पाहते’, मग ओळ कशाला, असा समज आढळतो. चित्रात पाणी, बस आणि माणसे आहेत, एवढे आजची यंत्रे ओळखतात हे खरे. परंतु ते पाणी कोल्हापूरच्या व्हीनस कॉर्नरचे की सांगलीचे, २०१९चे की २०२१चे, हे नुसत्या चित्रबिंदूंवरून खात्रीने सांगणे कठीण असते. म्हणूनच चित्राचा विषय ठरवताना फोटोओळ आणि आसपासचा मजकूर विचारात घेतला जातो, असे गूगलच्या मार्गदर्शनात नमूद आहे.

या शब्दांचे पुढे काय होते, तो भाग मला विलक्षण सुंदर वाटतो. जाड पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी शोधयंत्राकडे प्रत्येक शब्दापुढे तो असलेल्या पानांची यादी असते आणि तो शब्द पानावर कितव्या स्थानी आहे, याचीही नोंद ठेवता येते. त्यामुळे ‘राजाराम’ आणि ‘बंधारा’ शेजारी-शेजारी आले, तर राजाराम महाराज किंवा राजाराम कॉलेज यांवरची पाने बाजूला सारता येतात. पण सर्व शब्दांना सारखे महत्त्व देऊन चालत नाही. शब्द जितका दुर्मिळ तितके त्याचे वजन अधिक, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. एकूण पानांच्या संख्येला तो शब्द असलेल्या पानांच्या संख्येने भागायचे आणि भागाकाराचा लॉगरिदम घ्यायचा. समजा, एकूण पाने १० लाख आहेत. ‘पाणी’ हा शब्द ५ लाख पानांवर असेल, तर भागाकार २ आणि १० या पायाचा लॉगरिदम सुमारे ०.३ येतो, ‘बंधारा’ केवळ १०० पानांवर असेल, तर भागाकार १०,००० आणि लॉगरिदम ४, म्हणजे वजन तेरा पटींहून जास्त. आजच्या यंत्रांत याखेरीज पुष्कळ काही असते. तरीही ‘पुराचे एक दृश्य’ या ओळीतून यंत्राच्या हाती फारसे का लागत नाही, हे या गणितावरून कळते.

मराठीत आणखी एक पेच आहे. पंचगंगा, पंचगंगेचे, पंचगंगेला ही आपल्याला एकच नदी. पण विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूप न उकलणाऱ्या यंत्राच्या सूचीत त्या तीन वेगळ्या नोंदी होतात. नदीचे, गावाचे नाव ओळीत एकदा तरी मूळ रूपात असावे, ते यासाठी.

आपल्याकडे सगळा मजकूर चित्रावरच रंगीत अक्षरांत छापण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशी अक्षरे यंत्राला आधी चित्रातून ओळखावी लागतात. देवनागरीतील जोडाक्षरे आणि नक्षीदार वळणे यांमुळे त्यात चुका होऊ शकतात. खालची ओळ साध्या मजकुरात असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

याचा अर्थ ओळीत पन्नास शब्द कोंबावेत असा नाही. अशी भरताड गूगल गैरप्रकारात मोजते. पानाच्या कोडमध्ये दडवलेली ‘कीवर्ड्स’ची यादी क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे तर गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ विकणारे भेटतात. ही हमी कोणीही देऊ शकत नाही आणि तिच्यावर पैसे घालवणे म्हणजे गंडेदोरे विकत घेणेच होय. फोटोओळीचा परिणाम स्वतंत्रपणे पाहता लहानच असतो. मुख्य भार लेखाच्या मजकुरावर राहतो.

‘व्हीनस कॉर्नर, कोल्हापूर : पंचगंगा नदीच्या महापुरात बुडालेला रस्ता, ऑगस्ट २०१९’ एवढी ओळ पुरेशी आहे. तिच्या जोडीला ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये चित्रासोबत द्यायच्या वर्णनात, ‘कमरेएवढ्या पाण्यातून दोरीला धरून चालणारी माणसे’ असे दिसते ते लिहावे, कारण तो मजकूर शोधयंत्राप्रमाणेच दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअरही वाचते.