ई-कॅट: एक मेगावॅटचा दावा आणि न सुटलेले मोजमाप

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. पॅलेडियमचा कॅथोड, प्लॅटिनमचा ॲनोड आणि जड पाणी एवढ्या सामग्रीवर खोलीच्या तापमानाला अणुसंलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडली जाऊन ऊर्जा सुटण्याची क्रिया, झाल्याचा त्यांचा दावा होता. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने प्रयोग झाले, संलयनाची खूण मानले जाणारे ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) आढळल्याच्या नोंदीही झाल्या. पण हवे तेव्हा, हवे तिथे तोच निकाल मिळेना आणि विषय मागे पडला.

तो पुन्हा गाजला १४ जानेवारी २०११ला, इटलीतील बोलोन्यात. इटालियन उद्योजक आंद्रेआ रॉसी यांनी भौतिकशास्त्रज्ञ सर्जिओ फोकार्दी यांच्या साथीने ‘ई-कॅट’ (एनर्जी कॅटलायझर) हे उष्णता देणारे उपकरण चालवून दाखवले. निकेलची भुकटी, दाबाखाली हायड्रोजन आणि एक गुप्त उत्प्रेरक. आत वीज आणि पाणी, बाहेर वाफ. काहीशे वॅट देऊन दहा किलोवॅटच्या वर उष्णता मिळते, असे सांगण्यात आले.

संशयाचे मूळ या वाफेत आहे. २० अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. त्याची पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. म्हणजे सगळ्या पाण्याची वाफ झाली असे धरले तर हिशेब जवळपास पावणेआठ पटींनी फुगतो. थर्मामीटर दोन्ही वेळा १००च दाखवतो, आणि डोळ्यांनीही फरक कळत नाही: वस्तुमानाने फक्त ५ टक्के पाण्याची वाफ झाली तरी नळीतली ९९ टक्क्यांच्या आसपास जागा तीच व्यापते. वाफ कोरडी असल्याचा निर्वाळा मात्र हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाच्या आधारे दिला गेला. वाफेबरोबर वाहत जाणारे पाण्याचे थेंब ते मोजूच शकत नाही. खरे तर उपाय साधा होता. नळीचे तोंड वजन केलेल्या थंड पाण्याच्या पिंपात बुडवायचे, पंधरा मिनिटांनी पिंपाचे वजन आणि तापमान पुन्हा घ्यायचे. आत आलेली उष्णता तिथेच कळते.

अणुभौतिकीचीही अडचण होती. निकेलच्या केंद्रकात प्रोटॉन शिरून तांबे बनते, असे स्पष्टीकरण दिले जात होते. निसर्गातले ६८ टक्के निकेल हे निकेल-५८ असते. त्यात प्रोटॉन शिरला तर तांबे-५९ तयार होईल. त्याचा अर्धायुष्यकाल दीड मिनिटापेक्षाही कमी, आणि ते पॉझिट्रॉन (धन विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन) सोडत असल्यामुळे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण भरपूर दिसायला हवेत. ते दिसले नाहीत. वापरलेल्या भुकटीत तांबे सापडले, पण त्यातील समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण नैसर्गिक तांब्यासारखेच होते, म्हणजे ते उपकरणात बनल्याची खूण नव्हती.

तरीही २८ ऑक्टोबर २०११ रोजी एक मेगावॅटचे संयंत्र कंटेनरमध्ये मांडून ‘गिऱ्हाइकाला’ दाखवले गेले. गिऱ्हाइकाचे नाव गुप्त. जाहीर झालेले उत्पादन ४७९ किलोवॅट, म्हणजे ठरल्याच्या निम्म्याहून कमी. बाहेरची वीज न घेता संयंत्र चालल्याचे सांगितले गेले, पण शेजारी मोठा डिझेल जनरेटर सुरूच होता. आमच्या मते तेवढ्यावरूनच ही चाचणी बाद ठरते.

२०१४मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानोत ३२ दिवसांची चाचणी झाली. आता वाफ नव्हती. ॲल्युमिनाच्या नळीचे तापमान थर्मल कॅमेऱ्याने घेतले. कॅमेरा इन्फ्रारेडचा एक ठरावीक पट्टाच पाहतो आणि त्या पट्ट्यात ॲल्युमिनाची उत्सर्जकता (तापल्यावर किरण सोडण्याची क्षमता, कमाल १) ०.९च्या वर असते. हिशेबात मात्र सर्व तरंगलांबींची सरासरी, सुमारे ०.४, वापरली गेली. त्यामुळे तापमान कित्येकशे अंशांनी जास्त दिसते, आणि किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढत असल्यामुळे चूक आणखी फुगते. इंधन नसलेली नळी त्याच शक्तीवर तापवून पाहिली असती तर हे लगेच उघड झाले असते. पण ती तपासणी सुमारे ४८० वॅटवरच थांबवली होती, प्रत्यक्ष चाचणीत ८००-९०० वॅट दिले गेले. शिवाय इंधन भरताना आणि काढताना रॉसी स्वतः हजर होते, त्यामुळे इंधनातील समस्थानिकांचे प्रमाण बदलल्याच्या चाचणीच्या निष्कर्षालाही वजन राहत नाही.

पैशांचा प्रश्न आला तेव्हा सगळे न्यायालयात गेले. ‘इंडस्ट्रियल हीट’ या अमेरिकी कंपनीशी झालेल्या करारात वर्षभराची चाचणी यशस्वी ठरल्यास ८९ दशलक्ष डॉलर देण्याची अट होती. २०१५-१६मध्ये फ्लोरिडातील डोरल येथे संयंत्र चालवले गेले. कंपनीने पैसे नाकारले, रॉसींनी एप्रिल २०१६मध्ये खटला भरला. पाण्याच्या प्रवाहमापकाचे आकडे दिवसेंदिवस संशयास्पदरीत्या एकसारखे का, पाण्याने अर्धवट भरलेल्या नळीत तो बरोबर मोजतो का, आणि एक मेगावॅट उष्णता त्या गोदामातून गेली कुठे, हे वादाचे मुद्दे होते. जुलै २०१७मध्ये तडजोड झाली. ८९ दशलक्ष डॉलर मिळाले नाहीत.

२०१९मध्ये गूगलच्या निधीतून झालेल्या कामाचा अहवाल ‘नेचर’मध्ये आला. निकेल-हायड्रोजनसह अनेक प्रणाली काळजीपूर्वक तपासूनही संलयनाचा पुरावा मिळाला नव्हता. ई-कॅटच्या नव्या आवृत्त्या त्यानंतरही जाहीर होत राहिल्या. त्यांतील कोणतीही विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाने चार गोष्टी मागाव्यात: स्वतःचा वीजमापक थेट सॉकेटवर, पाणी उकळणार नाही इतका जास्त प्रवाह, तो प्रवाह टाकीच्या वजनावरून पडताळण्याची मुभा आणि हायड्रोजन न भरता त्याच शक्तीवर तितकाच वेळ चालवलेली जोडचाचणी.