रोजच्या कामाचं लिनक्स व्हर्च्युअल मशीन: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामच्या रूपात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. चार दिवस वापरून बघायला घेतलेलं मशीन कसंही बसवलं तरी चालतं. ज्यावर तुमचे हिशोब आणि पत्रव्यवहार वर्षानुवर्षं राहणार आहे, त्याचं तसं नाही.

आम्ही व्हर्च्युअलबॉक्सवर (असं मशीन चालवणारा प्रोग्राम) उबुंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) बसवून देतो. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षा अपडेट आहेत. दोन एलटीएसच्या मधल्या आवृत्त्यांना जेमतेम ९ महिने मिळतात, म्हणून कितीही नव्या दिसल्या तरी आम्ही त्या सुचवत नाही. तुमच्या कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम असेल तर मशीनला ६ जीबी देतो. मूळ कॉम्प्युटरच गुदमरला तर आतलं मशीनही रखडतं.

मशीनची डिस्क (तुमच्या कॉम्प्युटरवर ती एक फाइल असते) गरजेप्रमाणे वाढणारी ठेवतो. ६० जीबीची मर्यादा असली तरी तिची फाइल सुरुवातीला बरीच लहान दिसते, पण ती वाढत जाते आणि आतला मजकूर पुसला तरी सहसा आपोआप आक्रसत नाही. तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली की मशीन मध्येच थांबतं. त्यामुळे पूर्ण ६० जीबी जागा पहिल्यापासून राखून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता यावं म्हणून जपलेली मशीनची त्या क्षणाची स्थिती, हा बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतल्यावर पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात आणि ती फाइल मशीनच्या मूळ डिस्क-फाइलवर अवलंबून असते. मूळ फाइल बिघडली की स्नॅपशॉटही गेले. मोठ्या अपडेटआधी जरूर घ्या, आठवडाभर सगळं नीट चाललं की काढून टाका. काढताना फाइली एकत्र होतात, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद करू नका.

खरा बॅकअप असा: मशीन आतून शटडाउन करा, व्हर्च्युअलबॉक्समधून एक्स्पोर्ट करा (म्हणजे अख्खं मशीन फाइलमध्ये काढा) आणि ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. महिन्यातून एकदा पुरे; कामाच्या फाइली मात्र रोज वेगळ्या कॉपी करा. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघाच. हवं तर आमच्याकडे घेऊन या, तुमच्यासमोर चालवून दाखवू.

रोज शटडाउन न करता नुसतं ‘सेव्ह स्टेट’ करणाऱ्यांनी (म्हणजे मशीन आहे त्या स्थितीत गोठवून ठेवणाऱ्यांनी) आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावं, एरवी अपडेटमधून आलेला नवा कर्नेल (लिनक्सचा गाभा) लागू होत नाही. वीज वारंवार जात असेल तर यूपीएस घ्याच.

व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केल्यावर मशीनच्या आत बसवलेल्या, स्क्रीन आणि कॉपी-पेस्ट जुळवणाऱ्या गेस्ट अ‍ॅडिशन्सही त्याच आवृत्तीच्या करा. स्क्रीनचा आकार किंवा कॉपी-पेस्ट बिघडलं तर आधी तेच तपासा, मग आम्हाला फोन करा.