ओसरलेल्या पाण्यातली ट्राउट आणि तुडतुड्याएवढी माशी

ऑगस्टच्या उन्हाळ्यात ओढ्यांचं पाणी ओसरलं की अमेरिकेतल्या ट्राउट मासा धरणाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: माशी (गळावर पिसं-दोरा बांधून केलेली किड्याची नक्कल) लहान करा, टिपेट (दोरीच्या टोकाचा, माशीला बांधायचा बारीक दोरा) त्याहून बारीक घ्या आणि काठावरच्या गवतातले किडे बघा. नाकतोडा, मुंगी, भुंगेरा. आज हा सल्ला कुठल्याही ओढ्याला सरसकट लावतात. जन्मला तो मात्र अगदी वेगळ्या स्वभावाच्या पाण्यावर.

त्याआधीचा काळ इंग्लंडचा. १९व्या शतकाच्या अखेरीस टेस्ट आणि इचेन या हॅम्पशरमधल्या नितळ नद्यांवर कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचा दंडक रुजला. पाण्यावर दिसेल तो किडा ओळखायचा, तशीच माशी बांधायची आणि ती प्रवाहाच्या वरच्या बाजूलाच फेकायची. पाण्याखाली चालणाऱ्या निंफचा, म्हणजे किड्याच्या पाण्यातल्या पिल्लावस्थेच्या नकलेचा, पुरस्कार करणारं पुस्तक १९१० मध्ये आलं, आणि १९३८ मध्ये लंडनच्या एका क्लबात निंफ सभ्यपणाला धरून आहे का, यावर रीतसर वाद झडला. मासा काय खातो हा प्रश्न त्या वादात दुय्यमच होता.

खरं वळण आलं पेनसिल्व्हेनियात, कार्लाइल गावाजवळच्या लेटॉर्ट ओढ्यावर. तिथे भर उन्हाळ्यात पाण्यावर काहीच दिसत नसताना ट्राउट मात्र हळूच वर येऊन काहीतरी टिपत. दोघा-तिघा स्थानिक हौशी मंडळींनी कुरणात पालथं पडून पृष्ठभाग न्याहाळला, तेव्हा उलगडा झाला: पाण्याच्या पापुद्र्याला चिकटलेले तुडतुडे, मुंग्या आणि बारीक भुंगेरे. भात किंवा कापूस लावणाऱ्याला तुडतुड्याची ओळख करून द्यायला नको. १९५० मध्ये यावर पुस्तक आलं. त्यातला विचार साधा होता. मासा खालून बघतो, त्याला किड्याची जाडी कळत नाही, कळते ती बाह्याकृती. म्हणून पिसाचं एक टोक गळाच्या दांडीवर आडवं बसवलं की तुडतुडा तयार. हे पीस रानकोंबड्याच्या मानेवरचं, आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याचं. पुढे भारतातून त्याची निर्यात थांबली आणि बांधणाऱ्यांना पर्याय शोधावे लागले. १९१६ मध्ये न्यू जर्सीत आढळलेला जपानी भुंगेरा तोवर पेनसिल्व्हेनियातही पसरला होता. त्याची नक्कल म्हणून गळाला चक्क कॉफीची बी चिकटवत.

या यशाचं श्रेय माशीला की दोऱ्याला, हा वाद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रेशीमकिड्यापासून काढलेला ‘गट’ नावाचा जुना दोरा आधी भिजवावा लागे, आणि फार बारीक केला तर तुटे. २२ नंबरचा गळ अर्ध्या सेंटीमीटरहून लहान (नंबर मोठा तितका गळ लहान). त्याच्या नेढ्यातून जाईल आणि वर मासाही पेलेल असा दोरा नायलॉनने सहजी मिळवून दिला. नायलॉन जाहीर झालं १९३८ मध्ये, बाजारात रुळलं युद्धानंतर. तुडतुड्याची माशी नावारूपाला आली तीही त्याच सुमारास. पुस्तकांनी माशीचं कौतुक केलं, दोरा तळटिपेत राहिला.

या सल्ल्यातली आणखी एक अडचण पाण्याची. लेटॉर्ट चुनखडीतल्या झऱ्यांवर वाहतो. उन्हाळ्यातही त्याचं पाणी थंड राहतं आणि फारसं ओसरत नाही. डोंगरी ओढा ऑगस्टमध्ये घोटाभर उरतो. तिथे मासा बुजतो तो सावलीला, पावलांना, डोक्यावरून जाणाऱ्या दोरीला. अशा ठिकाणी माशीचा नंबर २२ की १६ यावर घातलेला वेळ बहुतेकदा वाया जातो. गुडघ्यांवर बसून केलेली एक फेक जास्त कामाची. मासिकांना मात्र बांधलेल्या माश्यांचे फोटो छापणं सोपं जातं. (आपल्याकडून हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाणाऱ्यांनी हा सल्ला ऑगस्टमध्ये गुंडाळूनच ठेवावा. तेव्हा तिथे पावसाळा असतो.)

पुढच्या दशकांत फोमचे न बुडणारे नाकतोडे आले, फ्लुरोकार्बनचा दोरा आला, आणि ट्रायको या सकाळी पाण्यावर पडणाऱ्या इवल्या मेफ्लाय किड्याच्या नकला लोकप्रिय झाल्या. अलीकडे मात्र निवडीवर थर्मामीटरचा अंमल आहे. मोंटानात पाणी सलग तीन दिवस २३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते, कारण दमलेली ट्राउट कोमट पाण्यात सोडली तरी वाचेलच असं नाही. याचा फटका नाकतोड्याला बसतो. उन्हं तापल्याशिवाय तो गवतातून हलत नाही, आणि त्याच्या ऐन भराची वेळ नेमकी बंदीत जाते. अशा दिवसांत हाती उरते ती सकाळ, म्हणजे ट्रायको.