पार्श्वभूमी : चाहत्यांच्या डोक्यातल्या अंतराळ मालिका आणि न फोडलेलं पाकीट

अंतराळ मालिका भक्तिभावाने पाहणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक न बनलेली मालिका असते. कुणाला यानावरच्या दवाखान्याची गोष्ट हवी असते, कुणाला मंगळावरच्या पहिल्या वस्तीची, तर कुणाला कॅप्टनला बाजूला सारून इंजिनरूममध्ये राबणाऱ्यांची. पात्रांची नावं ठरलेली असतात, यानाचा नकाशा काढून झालेला असतो, पहिल्या हंगामाचे भागसुद्धा मांडून ठेवलेले असतात. हे बाड अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओकडे पाठवलं, तर बहुधा न वाचताच परत येतं. यात उद्धटपणा कमी, वकिलांचा धाक जास्त. पण कायम असंच नव्हतं. पाकीट फोडून वाचलं जायचं असाही एक काळ होता, आणि त्यातून निघालेली माणसं आजच्या मालिका घडवताहेत.

सुरुवात अर्थातच ‘स्टार ट्रेक’पासून. जीन रॉडनबेरीने १९६४ मध्ये ही कल्पना विकायला काढली तेव्हा ‘वॅगन ट्रेन’ ही पश्चिमेकडे निघालेल्या तांड्याची मालिका तिकडे जोरात होती. आपली मालिका म्हणजे ताऱ्यांकडे निघालेला तसाच तांडा, असं सांगून त्याने ती गळी उतरवली. एनबीसी वाहिनीला पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, फारच ‘बौद्धिक’ वाटला आणि तिने तो नाकारला. त्यातला कॅप्टन होता ख्रिस्तोफर पाइक. दुसऱ्या पायलटमध्ये त्याच्या जागी कर्क आला आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. पाइकला मात्र विसरू नका.

पहिला भाग पाहून लॉस एंजेलिसमधला डेव्हिड जेरोल्ड नावाचा कॉलेजचा विद्यार्थी इतका पेटला की त्याने साठ पानांचा कथेचा आराखडा लिहून एजंटामार्फत पाठवला. तो नापास झाला. पण पोरात दम आहे हे निर्माता जीन कूनच्या लक्षात आलं आणि त्याने आणखी कल्पना मागवल्या. त्यातून गोंडस केसाळ गोळ्यांसारख्या, सारख्या पिल्लं घालणाऱ्या ट्रिबल्सचा भाग निघाला. तो डिसेंबर १९६७ मध्ये दाखवला गेला आणि आजही मूळ मालिकेच्या सर्वांत लाडक्या भागांमध्ये मोजला जातो. गंमत म्हणजे कायद्याची बाब तिथेही आली होती. विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइनच्या एका कादंबरीत असेच भराभर वाढणारे मंगळावरचे प्राणी होते. स्टुडिओने त्याला विचारलं, त्याने दिलदारपणे हरकत घेतली नाही, आणि प्रकरण मिटलं. आजच्या काळात ते इतक्या सहज मिटलं असतं असं मला वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. प्रत्येकाने पत्र लिहायचं आणि आणखी दहा जणांना लिहायला लावायचं, हा तिचा गाभा. पाकिटावर मालिकेचं नाव घालायचं नाही, नाहीतर ते न फोडता चाहत्यांच्या टपालात टाकलं जाईल, अशीही सूचना होती. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी मशाली घेऊन बरबँकच्या एनबीसी स्टुडिओवर चालून गेले. वाहिनीकडे लाखाहून जास्त पत्रं आली आणि १ मार्चच्या भागानंतर मालिका चालू राहणार असल्याची घोषणा टीव्हीवरूनच करावी लागली. पडद्यामागून रॉडनबेरीची या मोहिमेला फूस होती, हेही खरं. वाहिनीने मात्र तिसरा हंगाम शुक्रवारी रात्री दहाला ढकलला. ज्या तरुण प्रेक्षकांनी ती वाचवली तेच त्या वेळी घराबाहेर असायचे. १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका संपली.

पुनर्प्रक्षेपणांनी तिला खरं आयुष्य दिलं. (आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर लागायची.) १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या मोठ्या मेळाव्याला आयोजकांनी काहीशे माणसं धरली होती, आली काही हजार. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ पत्रांच्या माऱ्यामुळे बदलून ‘एंटरप्राइज’ झालं. हे शटल अंतराळात कधी गेलंच नाही, ते फक्त वातावरणातल्या चाचण्यांसाठी होतं. पण चाहत्यांना आपल्या पत्रांची ताकद कळली.

तोपर्यंत चाहत्यांचं बळ दोनच गोष्टींत दिसलं होतं: मालिका वाचवणं आणि नाव सुचवणं. आत शिरून गोष्ट लिहिणं हा जेरोल्डसारख्याचा अपवाद. तो अपवाद नियम झाला १९८९ मध्ये, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच.

‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी ‘स्टार ट्रेक’ मालिका १९८७ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन हंगामांत लेखकांची इतकी ये-जा झाली की तिसऱ्या हंगामात मायकल पिलरने लेखनविभागाची सूत्रं हाती घेतली तेव्हा तयार पटकथांचा तुटवडा होता. त्याने ठरवलं की कुणीही पटकथा पाठवावी, सोबत एक सही केलेलं संमतीपत्र जोडावं, आम्ही वाचू. अमेरिकी टीव्हीवर हे जवळजवळ कुणीच करत नव्हतं. हजारो पटकथा आल्या. बहुतेक टाकाऊ असणार, हे उघड आहे. पण एक रोनाल्ड डी. मूर नावाच्या, कॉर्नेल विद्यापीठ अर्ध्यात सोडून लॉस एंजेलिसला आलेल्या तरुणाची होती. मैत्रिणीच्या ओळखीने त्याला सेट बघायला मिळाला होता आणि जाताना त्याने पटकथा खिशात नेली होती. ती रॉडनबेरीच्या एका सहायकाच्या हाती दिली आणि पुढे कित्येक महिने ती पडून राहिली. पिलरने तो ढीग उपसला तेव्हा ती वर आली. मोहिमेत आई गमावलेल्या, यानावर एकट्या राहिलेल्या मुलाची ती गोष्ट. चोविसाव्या शतकातली मुलं मृत्यू स्वीकारतात, ती रडत बसत नाहीत, असा रॉडनबेरीचा आक्षेप होता, म्हणून मुलाचं दुःख दाबलेलं दाखवून ती बदलावी लागली. ऑक्टोबर १९८९ मध्ये तो भाग प्रसारित झाला आणि मूर लेखकांच्या खोलीत आला तो आलाच.

रेने एचेव्हारियाही याच वाटेने आला. यंत्रमानव डेटा स्वतःसाठी लाल नावाची मुलगी घडवतो, तो भाग त्याचा. पुढे ब्रायन फुलरला ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी पाठवलेल्या पटकथांमुळे असाच आत शिरकाव मिळाला; वीस वर्षांनी ‘डिस्कव्हरी’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या सहनिर्मात्यांत त्याचं नाव होतं. मूरचा कॉर्नेलमधला मित्र नरेन शंकर अभियांत्रिकीतली डॉक्टरेट घेऊन मालिकेत प्रशिक्षणार्थी म्हणून आला, मग विज्ञान सल्लागार झाला, मग लेखक. त्याचं नाव पुढे पुन्हा येतं.

दार उघडं ठेवण्याची किंमत काय, हे ‘बॅबिलॉन ५’ या वेगळ्या अंतराळ मालिकेचा निर्माता जे. मायकल स्ट्राझिन्स्कीला चांगलंच कळलं. नव्वदच्या दशकात तो इंटरनेटवरच्या चर्चागटांत चाहत्यांशी रोज बोलायचा, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. अट एकच, गोष्टी सुचवू नका. एका चाहत्याने तरीही एक सुचवली: शिक्षा म्हणून ज्याची स्मृती पुसली आहे अशा गुन्हेगाराची. तशीच कथा स्ट्राझिन्स्की आधीपासून लिहीत होता. पण आता ती प्रसारित झाली आणि त्या चाहत्याने दावा ठोकला, तर? स्ट्राझिन्स्कीने ती बाजूला ठेवली. शेवटी चाहत्यालाच वाईट वाटलं आणि त्याने नोटरीसमोर सही करून हक्क सोडल्याचं लिहून दिलं. दुसऱ्या हंगामासाठी योजलेला भाग तिसऱ्या हंगामात, नोव्हेंबर १९९५ मध्ये दिसला. कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो, हे कायद्याचं तत्त्व खरं. पण कल्पना कुणी आधी वाचली होती हे न्यायालयात सिद्ध करायला गेलं की तत्त्वाची फी वकील घेतात. न फोडता परत जाणाऱ्या पाकिटांमागे हेच कारण आहे.

मग चाहते स्वतःच कॅमेरे घेऊन उतरले. ‘स्टार ट्रेक’वरचे हौशी चित्रपट स्टुडिओने वर्षानुवर्षं चालू दिले, कारण ते हौशी दिसत. ‘अ‍ॅक्सनार’ नावाच्या अशाच एका चित्रपटाने लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून जास्त जमवले आणि व्यावसायिक कलाकार घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंटने खटला भरला. पुढच्याच वर्षी नियमावली आली: एक गोष्ट १५ मिनिटांत, फार तर दोन भागांत ३० मिनिटांत संपवायची, वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंतच, आणि मूळ मालिकांत काम केलेल्या कुणाला घ्यायचं नाही. शेवटची अट मला सर्वांत कठोर वाटते. पैसे न घेता जुन्या लोभापायी येणारे नट हाच या फिल्मांचा जीव होता.

दुसरी वाट जुनीच, गर्दीची. ‘द एक्स्पान्स’ची कल्पना टाय फ्रँकने आधी एका ऑनलाइन खेळासाठी रचली होती, मग ती कादंबऱ्यांत आणि नंतर मालिकेत आली. तिची सूत्रं नरेन शंकरकडे होती. मे २०१८ मध्ये सायफाय वाहिनीने ती रद्द केली, तेव्हा चाहत्यांनी सह्या गोळा केल्या आणि अ‍ॅमेझॉन स्टुडिओवरून फलक ओढणारं विमान उडवलं. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या एका अंतराळ परिषदेत अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसने मालिका वाचवल्याचं कलाकारांसमोरच जाहीर केलं. एकूण सहा हंगाम झाले. दरम्यान मूर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ घेऊन आला होता. जून १९६९ मध्ये चंद्रावर पहिलं पाऊल सोव्हिएत माणसाचं पडतं, तिथून पुढे नासाचा इतिहास तो नव्याने लिहितो. ही थेट एका चाहत्याच्या वहीतली कल्पना वाटते, फक्त चाहता आता निर्मात्याच्या खुर्चीत आहे.

आणि पाइक. २०१९ मध्ये ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या हंगामात अँसन माउंटने ती भूमिका केली आणि या कॅप्टनची स्वतंत्र मालिका हवी म्हणून चाहते मागे लागले. मे २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ आली. १९६५ मध्ये नाकारलेल्या पायलटमधलंच यान, तोच कॅप्टन. पाचवा हंगाम शेवटचा असेल, हे २०२५ मध्ये जाहीर झालं.

अशाच रेट्याने ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या कॅप्टनवरच्या ‘पिकार्ड’ मालिकेचा तिसरा हंगाम २०२३ मध्ये संपल्यावर ‘लेगसी’ नावाच्या पुढच्या मालिकेसाठी सह्या गोळा झाल्या. हंगामाचा कर्ताधर्ता टेरी मटालसचीही ती इच्छा होती. स्टुडिओने तिला हिरवा कंदील दाखवला नाही आणि मटालस मार्व्हलच्या मालिकेकडे गेला.