आयडीएसपीतला ‘पी’

सुरतच्या १९९४च्या प्लेगनंतर साथीची खबर वेळेत वर पोचत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं. १९९७पासून मोजक्या जिल्ह्यांत सर्वेक्षण सुरू झालं, पुढे ते १०१ जिल्ह्यांपर्यंत गेलं. मोठा पैसा मात्र नोव्हेंबर २००४मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षणासाठी, म्हणजे आयडीएसपीसाठी आला, तोही परदेशी कर्जातून. जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक, साथरोगतज्ज्ञ, डेटा एंट्री ऑपरेटर आणि दर आठवड्याला भरायचे तीन फॉर्म: गावातल्या लक्षणांचा एस, डॉक्टरच्या अंदाजाचा पी, प्रयोगशाळेचा एल.

या कामातली पैशाची आजची ओढाताण समजायची तर आयडीएसपी या नावातलं शेवटचं अक्षर बघावं लागतं. आधी ते ‘प्रोजेक्ट’चं होतं, नंतर ‘प्रोग्राम’चं झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे हा बदल फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. मराठीत प्रकल्प आणि कार्यक्रम हे शब्दच वेगळे. प्रकल्पाला मुदत असते, ठरलेला निधी असतो. कार्यक्रमाला दरवर्षी नव्याने मागणी करावी लागते. कर्जाची मुदत वाढून मार्च २०१२पर्यंत गेली, पण २०१०नंतर तो पैसा मध्यवर्ती कक्ष आणि महाराष्ट्र धरून नऊ राज्यांपुरताच उरला. बाकीची राज्यं देशाच्या अंदाजपत्रकावर आली. कर्ज मोजक्या ठिकाणी नीट वापरलं जावं, असं या निर्णयाचं समर्थन करता येतं. पण साथ राज्याची हद्द बघून थांबत नाही, त्यामुळे मला ते पटत नाही.

बाराव्या पंचवार्षिक योजनेत ६४० कोटींची तरतूद झाली आणि ‘पी’ बदलला. माणसं कंत्राटीच राहिली. त्यांचं मानधन, दुरुस्ती, इंटरनेट हे सगळं वार्षिक आराखड्यात, म्हणजे पीआयपीत मांडायचं. २०१५-१६पासून बहुतेक राज्यांना त्यातला ४० टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. यंत्र एकदा घेतलं की झालं, पण नोंद करणाऱ्या माणसाला दर महिन्याला पैसे लागतात, आणि हप्ता लांबला की आधी त्याचंच मानधन अडकतं.

नोव्हेंबर २०१८मध्ये सात राज्यांत या नोंदींसाठी नवं पोर्टल आलं, एप्रिल २०२१मध्ये ते देशभर गेलं. आधीच्या १८ऐवजी ३३ आजार, आठवड्याऐवजी रोजची नोंद. गावातली नर्सताई भरायची तो कागदी एस फॉर्म एका पानाचा होता. सात दिवसांच्या आतला ताप, पुरळासह ताप, जुलाब, कावीळ अशा रांगा, आणि त्यांत आकडे भरायचे. आता तीच नर्सताई मोबाइलवर एकेका रुग्णाची माहिती भरते. गावात रेंज नसेल तर दिवसभराचं वहीत टिपून ठेवते आणि संध्याकाळी रेंज मिळेल तिथे बसून पुन्हा सगळं टाइप करते. एका तापाची नोंद दोनदा. सुधारणा चांगलीच आहे, साथ लवकर कळण्याची शक्यता तिने वाढवली. पण या दुसऱ्या नोंदीच्या वेळेचा हिशेब कुणी मांडत नाही.

त्यानंतरचा मोठा निधी रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याकडे (‘आभा’) वळला: २०२२मध्ये पाच वर्षांसाठी १,६०० कोटी मंजूर झाले. वर्षाला सरासरी ३२० कोटी, म्हणजे माणशी अडीच रुपयांच्याही आत. २०२३पासून त्या खात्याला जोडलेल्या नोंदींवर, ठरावीक संख्येच्या वर, रुग्णालयाला नोंदीमागे २० रुपये प्रोत्साहन मिळू लागलं. गावातला ताप कळवण्याचं काम त्यात बसत नाही. ते अजून पीआयपीतच आहे.