वास नाही म्हणजे फूल शिळं, असं नाही

गुलाब हातात घेतला की तो आधी नाकाशी जातो. आमच्या दुकानात हे रोज घडतं. लांब दांड्याचा लालबुंद डच गुलाब, पानं टवटवीत. वास येत नाही, म्हणून गड्डी परत ठेवली जाते आणि प्रश्न येतो, "कालचा आहे का हो?" तो त्याच पहाटे पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणलेला असतो.

ताजेपणा वासावरून नाही, बोटांनी ओळखा. कळीच्या बुडाशी, हिरव्या पाकळ्यांच्या जरा वर, हलकेच दाबून बघा. घट्ट लागली तर फूल ताजं, मऊ पडली तर शिळं.

फुलाचा वास म्हणजे पाकळ्यांतून उडून जाणारी द्रव्यं. डच गुलाबाचे वाण निवडताना लांब दांडा, रंग आणि फुलदाणीतला टिकाऊपणा पाहिला गेला. वास मागे पडला. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये गुलाबातलं असं एक जनुक शोधलं, जे सुवासिक वाणांत जोरात काम करतं आणि बिनवासाच्या वाणांत जवळजवळ गप्प असतं. म्हणजे हा वाणाचाच गुण आहे. गावठी गुलाब घमघमतो, पण त्याच्या पाकळ्या लवकर गळतात.

काही फुलांना तर वासाची गरजच नसते. जास्वंद, पळस, पांगारा यांच्याकडे शिंजीर पक्षी येतो तो रंग बघून. सुभाषितात विद्याहीन माणसाला निर्गंध पळसाची उपमा दिली आहे, ती आम्हाला पटत नाही. गणपतीला जास्वंद वाहताना तिचा वास कोण विचारतं?

कित्येकदा बिनवासाचं फूलच योग्य ठरतं. अर्धशिशीचा त्रास असणारं माणूस, पहिल्या महिन्यांतली गरोदर बाई, एसी लावलेली बंद मीटिंगची खोली, जेवणाचं टेबल: इथे आम्ही ऑर्किड, अँथुरियम, जरबेरा किंवा ग्लॅडिओ सुचवतो. मात्र वास नाही म्हणजे पराग नाहीत, असं नव्हे. शेवंतीचे पराग काहींना बाधतात. ऑर्किडचे पराग गोळीसारखे चिकटलेले असतात, हवेत उडत नाहीत; म्हणून दम्याच्या माणसासाठी आम्ही ऑर्किडच देतो. दवाखान्यात न्यायची असतील तर फुलं चालतात का, हे वॉर्डात आधी विचारा.

गुलाबावर सेंट मारून द्या, असं काहीजण सांगतात. आम्ही मारत नाही. त्यातल्या स्पिरिटने पाकळ्यांच्या कडा करपतात.

जरबेराच्या दांड्यावर लव असते, जास्त पाण्यात तो कुजतो. दोन-तीन बोटं पाणी पुरे, पण ते रोज बदला. दांडा तिरका कापा. कार्नेशियन आंब्याच्या पेटीजवळ किंवा केळ्यांच्या फणीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशियनच्या पाकळ्या आत मुडपून फूल मिटतं.

वास हवाच असेल तर आपल्या बायकांची जुनी रीत आहे: अबोलीला वास नाही, म्हणून तिच्या गजऱ्यात मरवा गुंफायचा. तसंच आम्ही डच गुलाबांच्या गुच्छात गुलछडीच्या दोन-तीन काड्या घालून देतो. घ्यायची ती एकेरी पाकळ्यांची. दुहेरी दिसते भरगच्च, पण वास कमी. एकेरी गुलछडी संध्याकाळनंतर जास्त दरवळते. ती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा, म्हणजे पहाटे यार्डातून घेऊन येऊ.